लिनक्स लॅपटॉपवर वाचन रेकॉर्ड करताना मागची घरघर कशी कमी करावी?

वाचून_देते (पांढरकवड्याजवळ, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या गावातली एक मुलगी राज्यसेवेची तयारी करून राहिली आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. अभ्यासाची बरीच पुस्तकं छापीलच मिळतात, म्हणून दिवाळीपासून मी तिला रोज एखादं प्रकरण वाचून, रेकॉर्ड करून फोनवर पाठवते. ती ते पावणेदोन पट वेगाने ऐकते. ऐकण्याच्या बाबतीत तिच्याइतका पक्का परीक्षक मला दुसरा माहीत नाही.

लॅपटॉप जुना आहे. भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २२ टाकून दिलं, तेव्हापासून चांगला चालतो. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, माइक लॅपटॉपचाच. मार्चपर्यंत निभावलं. एप्रिलात कूलर सुरू झाला आणि सगळं बिघडलं. कूलर बंद करून वाचलं तरी मागे एक ‘घूंऽऽ’ आणि त्यावर ‘शूऽऽ’ असं राहतंच.

मग मी ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन, म्हणजे घरघर कमी करायची सोय, वापरलं. जितकं जास्त तितकं चांगलं असं समजून ३० डेसिबलवर नेलं. घरघर गेली, पण पोरीचा फोन आला : “ताई, तुम्ही विहिरीत उतरून बोलून राहिल्या असं वाटते. ‘कलम एकोणीस’ होतं का ‘एकोणतीस’, ते मी चारदा ऐकलं.”

राज्यघटनेत एकोणीसही आहे आणि एकोणतीसही, आणि दोन्हींवर प्रश्न येतात. तिचा अभ्यास माझ्या रेकॉर्डिंगमुळे चुकू नये एवढंच मला हवं आहे. काय करावं?

---

वऱ्हाडी_बोरू (अंजनगाव सुर्जी)

ताई, काम लय चांगलं करून राहिल्या तुम्ही. ईझीइफेक्ट्स नावाचं सॉफ्टवेअर टाका, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधी भेटते. त्यात इनपुटच्या बाजूले जाऊन ‘नॉइज रिडक्शन’ जोडा. आतून ते आरएनएनॉइज वापरते, म्हणजे माणसाचं बोलणं ठेवून बाकीचा आवाज दाबणारं. मंग ऑडॅसिटीत माइक म्हणून ‘ईझी इफेक्ट्स सोर्स’ निवडा. मी रोज शेतीमालाच्या भावाच्या मीटिंगा त्याच्यावर करतो. मागं थ्रेशर चालू असलं तरी समोरच्याले पत्ता लागत नाई.

---

लिनक्सकर (मूळ दारव्हा, सध्या पुणे)

बोरूभाऊंचा उपाय मीटिंगसाठी उत्तम आहे. मीही वापरतो. पण ताईंचं काम वेगळं आहे, त्यामुळे थोडं थांबा. आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय कुठलंही फिल्टर लावू नका. ‘घूं’ आणि ‘शू’ हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

आज एवढं करा. कूलर, पंखा बंद. खोलीत शांत बसून, न बोलता, तीन वेळा वीस-वीस सेकंद रेकॉर्ड करा. पहिलं चार्जर लावून, दुसरं चार्जर काढून बॅटरीवर, आणि तिसरं बॅटरीवरच, पण लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटांच्या आत, म्हणजे आतला पंखा फिरायच्या आधी. मग प्रत्येक तुकडा निवडून ‘अ‍ॅनलाइझ’ मेनूतलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. तिथे ‘साइज’ १६३८४ ठेवा. कमी ठेवलं तर खालचे सूर एकमेकांत मिसळतात आणि काही दिसत नाही. ५०, १००, १५० हर्ट्झच्या जागी काटे उभे दिसले तर तो विजेचा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिची पिल्लं त्याच पटीत पुढे दिसतात. काटे नसून सगळीकडे सपाट गवतासारखं दिसलं तर तो माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरचा श्वास, म्हणजे तुमचं ‘शू’.

---

वाचून_देते

केलं. चार्जर लावून ५०, १००, १५०, २५० ला स्पष्ट काटे. चार्जर काढला की ते जवळजवळ गायब! मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते. ‘शू’ मात्र तिन्हींत आहे. लॅपटॉप तापला की त्यात पंख्याची भर पडते.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या कडेच्या पत्र्याला मनगट लागलं की झिणझिण्या येतात. मी समजत होते ते जुन्या लॅपटॉपचं असतंच.

---

तारजोडी (हिंगणघाट)

ताई, ते असतंच असं नाही. मी २२ वर्षं घरांची फिटिंग करतो. आवाजाचं शास्त्र मला फार कळत नाही, पण ही झिणझिण ओळखीची आहे. तुमच्या प्लगला अर्थिंग नाही.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाट जमिनीत सोडायला छोटे कपॅसिटर असतात. अर्थची वाट असली तर तो जमिनीत जातो. वाट नसली तर लॅपटॉपच्या अंगावरच बसून राहतो. मनगटाला तो झिणझिण म्हणून लागतो आणि माइकच्या तारेत घूं म्हणून शिरतो. हात लॅपटॉपच्या पत्र्यावर ठेवला की घरघर बदलते का, पाहा. बदलली तर खात्रीच समजा.

आता गावात काय होते ते सांगतो. तीन पिनचा बोर्ड असतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. नाहीतर जोडलेली असते, खड्डाही असतो, पण उन्हाळ्यात तो खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. कोरडी माती वीज घेत नाही. घराच्या मागे अर्थिंगचा पाइप असेल, तर त्याच्या तोंडात संध्याकाळी दोन बादल्या पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आम्ही एप्रिल-मेमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो. जुन्या खड्ड्यात मीठ-कोळसा संपलेला असतो, तो पुन्हा भरावा लागतो.

एक हात जोडून सांगणं. काही जण बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देतात आणि ‘झालं अर्थिंग’ म्हणतात. असं कुणाला करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर लॅपटॉपच्या, कूलरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण करंट येतो. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, आणि घरात उघड्या पायांची लेकरं. मी असे प्रसंग पाहिले आहेत. बोर्ड स्वतः उघडू नका, चांगल्या वायरमनला बोलवा. तो टेस्ट लॅम्प लावून पाच मिनिटांत सांगेल.

---

वाचून_देते

तारजोडी दादा, मनापासून आभार. पाइप सापडला, संडासाच्या मागे बेशरमाच्या झुडपात. पाणी ओतलं तर घटाघटा पीत गेला. तीन बादल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी झिणझिण्या बऱ्याच कमी. वायरमन रविवारी येऊन खड्डा भरून देतो म्हणाला. तोवर बॅटरीवरच वाचते. पण बॅटरी जेमतेम पन्नास मिनिटं टिकते, आणि एक प्रकरण दीड तासाचं असतं.

---

लिनक्सकर

छान. पन्नास मिनिटांत वाचून मधे चहा घ्या, चार्ज करा, पुन्हा वाचा. घशालाही बरं.

आता ‘शू’. टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडून ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) चालवा. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा, मग एफ४ दाबून कॅप्चरच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या, बाजूला या. तिथे ‘इंटर्नल माइक बूस्ट’ नावाची एक पट्टी असेल. माझा अंदाज आहे की ती वरपर्यंत चढलेली आहे. बऱ्याच लॅपटॉपवर तिच्या पायऱ्या ०, १०, २०, ३० डेसिबल अशा असतात. ३० वर असेल तर माइक तुमच्या आवाजाबरोबर स्वतःचा श्वासही तेवढाच मोठा करून देतो.

पण नुसता बूस्ट उतरवून भागणार नाही. मग आवाज बारीक येईल, तुम्ही तो नंतर ऑडॅसिटीत वाढवाल, आणि ‘शू’ परत वर येईल. तोंड आणि माइक यांतलं अंतर कमी केलं तरच बूस्ट उतरवता येतो. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. लॅपटॉप दोन फुटांवर असेल आणि माइक अर्ध्या फुटावर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं, म्हणजे १२ डेसिबल मिळाले. कूलर आणि ‘शू’ होते तिथेच राहतात. हे १२ डेसिबल कुठल्याही सॉफ्टवेअरने मिळणाऱ्या १२ डेसिबलपेक्षा मोलाचे, कारण यात शब्दाचं एकही टोक खाल्लं जात नाही.

म्हणून एखादा साधा कॉलर माइक घ्या. हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर, जरा बाजूला लावा. समोर लावला तर ‘प’ आणि ‘फ’ ची फुंकर थेट बसते. जोडताना मात्र पाहा. बऱ्याच कॉलर माइकच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात आणि लॅपटॉपच्या एकाच भोकाला तीन रेघांची पिन लागते. तसं असेल तर छोटा जोड घ्यावा लागेल. किंवा सरळ यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. लॅपटॉपच्या पोटातला गोंधळ मग माइकच्या तारेपर्यंत फारसा येत नाही.

रेकॉर्ड करताना पट्टीवर आवाजाचं टोक उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहू द्या. लाल दिव्याला लागलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

---

झाडीचा_सूर (वडसा)

मी झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालमी आणि दंडारीची गाणी रेकॉर्ड करतो, म्हणून खोलीबद्दल थोडं लिहितो.

लिनक्सकरांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण सिमेंटच्या रिकाम्या खोलीत वाचाल तर आवाज भिंतींवर आपटून परत येतो. घरघर काढायची सॉफ्टवेअरं या घुमण्याला फारसं काही करू शकत नाहीत, कारण तो तुमचाच आवाज असतो. ‘विहिरीत उतरल्यासारखं’ यात थोडा वाटा खोलीचाही असू शकतो. मागच्या भिंतीला दोरी बांधून दोन गोधड्या टांगा. टेबलावर सतरंजी पसरा, त्यावर पुस्तक. फरक ऐकूनच कळेल.

रातकिड्यांचा त्रास असेल तर रात्री वाचू नका. आमच्याकडे जंगल लागूनच, त्यामुळे हे मला रोजचं आहे. रातकिड्यांचा सूर बहुधा ४ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास एका जागी बसतो. इक्वलायझरने कापता येतो, पण आपला ‘स’ आणि ‘श’ तिथूनच सुरू होतात. कापलं की ‘सात’ आणि ‘हात’ जवळ येतात. पावसात टिनावर पडणारा आवाज तर सगळ्या पट्टीभर पसरतो, त्याला काढायचं औषध नाही. पाऊस थांबेपर्यंत थांबायचं.

---

वाचून_देते

झाडीचा सूर, तुमची सूचना वाचून एक गोष्ट सुचली. आमच्या घरी एका खोलीत अजून कापूस आहे. भाव वाढेल म्हणून ह्यांनी ठेवला आहे, जवळजवळ छातीपर्यंत ढीग. काल त्या खोलीत उभी राहून नुसती टाळी वाजवली तर टाळीचा आवाज हवेत विरघळून गेला. पुढच्या खोलीत तीच टाळी टणकन वाजते.

पहाटे पाचला तिथे खुर्ची टाकून वाचलं. तेव्हा गाव शांत असतं, कूलरची गरज नसते, लॅपटॉप पण थंड असतो. बोरूभाऊंनी सांगितलेलं ईझीइफेक्ट्स लावून अर्धं प्रकरण आणि न लावता अर्धं, असं दोन्ही पाठवलं. कुठलं कोणतं ते तिला सांगितलं नाही.

तिने दुपारी उत्तर दिलं, जसंच्या तसं लिहिते : “पहिल्यात मागे काहीच नाही, पण तुम्ही श्वास घेतला की सगळं एकदम मरते आणि बोललं की जिवंत होते. वेग वाढवला की ते टोचते. आणि पान उलटल्याचा आवाज गेला. मी पानं त्याच्यावरच मोजते ताई. दुसरं ठेवा.”

मला हे ठाऊकच नव्हतं. ती पुस्तकातलं ठिकाण पानाच्या आवाजावरून लक्षात ठेवते. आणि मी पाच महिने तो आवाज येऊ नये म्हणून पान हळूच उलटत होते.

---

वऱ्हाडी_बोरू

ताई, हे वाचून थांबलोच दोन मिनिटं. माझा सल्ला तुमच्या कामाले नाई जमला, हे तिनं बरोबर पकडलं. दुसरं ठेवा.

---

लिनक्सकर

तिने दोन ओळीत जे सांगितलं त्यामागे कारण आहे. आरएनएनॉइज हे झां-मार्क व्हालँ यांनी बनवलं. ते दर १० मिलिसेकंदांच्या तुकड्याला विचारतं, यात माणसाचं बोलणं आहे का. नसेल तर तुकडा दाबतं. कागदाची सळसळ बोलणं नाही, म्हणून गेली. शब्दाच्या शेवटी विरत जाणारा ‘स’ कधी कधी त्याला गोंगाट वाटतो, म्हणून टोकं जातात. मीटिंगमध्ये हे चालतं कारण समोरचा पुन्हा विचारू शकतो. तिला विचारता येत नाही, आणि ती वेगाने ऐकते. गेट नावाचं फिल्टर कुणी सुचवलं तर तेही टाळा. तेही असंच दार उघड-बंद करतं.

तुम्हाला हवं ते ऑडॅसिटीतलं जुनंच नॉइज रिडक्शन, पण हलक्या हाताने. ते नमुन्यातल्या घरघरीइतका बारीक आवाज तेवढा थोडा कमी करतं, त्याहून मोठा तसाच ठेवतं, त्यामुळे पान वाजतं. असं करा :

सुरुवातीला वाचायच्या आधी पाच सेकंद गप्प बसा. तेवढाच तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, म्हणजे घरघरीचा नमुना घ्या (हा ‘गेट’ वरच्या गेट फिल्टरचा नव्हे). हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारं) १०० हर्ट्झवर लावायचं असेल तर ते आधी लावा आणि प्रोफाइल त्यानंतर घ्या, उलटं नको. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो, म्हणून १०० च्या खालचं कापलं तरी तुमचं काही जात नाही. नॉइज रिडक्शन ६ डेसिबल, फार तर ९. सेन्सिटिव्हिटी ६.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच खिडकीत ‘रेसिड्यू’ असा पर्याय आहे. तो निवडून प्रीव्ह्यू ऐका. म्हणजे जे फेकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात फक्त घरघर असेल तर ठीक. तुमचे शब्द कुजबुजल्यासारखे ऐकू आले तर तुम्ही शब्दच फेकून राहिल्या आहात, आकडा कमी करा. ऐकून झालं की परत ‘रिड्यूस’ निवडायला विसरू नका. ३० डेसिबलवर तुम्ही रेसिड्यू ऐकलं असतं तर अर्धं प्रकरण तिकडेच सापडलं असतं.

आवाज मोठा करणं सगळ्यात शेवटी.

---

वाचून_देते

जुन्या एका रेकॉर्डिंगवर ३० ठेवून रेसिड्यू ऐकून पाहिलं. माझेच शब्द, खरखरीत, पण ओळखू येतील इतके. ‘एकोणतीस’ मधला ‘स’ पूर्ण तिकडे होता. अंगावर काटा आला.

मूळ फायली मी पुसल्या होत्या. जागा वाचावी म्हणून. आता ३० डेसिबल लावलेली आठ प्रकरणं पुन्हा वाचावी लागतील. वाचीन.

---

लिनक्सकर

यापुढे मूळ फाइल कधीही पुसू नका. मोनो, ४८ हजार हर्ट्झ, १६ बिटची फाइल तासाला साधारण ३४५ एमबी होते, म्हणून जागेची भीती वाटते. पण ती फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवली तर बरीच लहान होते आणि काहीही जात नाही. तिला पाठवायची प्रत मात्र ऑपस या आणखी लहान फाइल-प्रकारात करा, मोनो, ३२ केबीपीएस. तासाला १४-१५ एमबी. गावातल्या नेटवर्कवर ते जाईल. ऑपस २०१२ मध्ये प्रमाण झालं, आणि ते घडवणाऱ्यांत तेच व्हालँ आहेत. बोलण्यासाठी त्या आकारात त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं मी वापरलेलं नाही. मागे घरघर असेल तर ऑपसची ताकद घरघर साठवण्यात जाते, हेही लक्षात ठेवा. मूळ स्वच्छ असलं की लहान फाइलही स्वच्छ वाटते.

---

तारजोडी

खड्डा भरला का?

---

वाचून_देते

भरला. वायरमनने टेस्ट लॅम्प लावून दाखवला. आधी बल्ब मिणमिणत होता, आता पूर्ण पेटतो. बोर्डात न्यूट्रल-अर्थ जोडलेलं नव्हतं, तेही बघून घेतलं. चार्जर लावून आता ५० हर्ट्झला काटा आहे, पण इतका लहान की हाय-पासने जातो. लॅपटॉपचा पत्रा आता गप्प आहे.

तालुक्याच्या बाजारातून कॉलर माइक आणि यूएसबी साउंड कार्ड आणलं. पिनेवर दोनच रेघा होत्या, दुकानदाराला विचारून घेतलं. बूस्ट आता शून्यावर. कापसाच्या खोलीत अंगाला खाज सुटते, जुना कापूस आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला पदर घेऊन बसते. पदर माइकला घासला की खरखर येते हेही कळलं. आता पिन लावून पदर मागे बांधते. ढिगापाशी विजेचं काही लावत नाही, पहाटेचं वाचन बॅटरीवर आणि दिवा टॉर्चचा.

काल भूमिहक्काचं प्रकरण पाठवलं. नॉइज रिडक्शन ६ वर, रेसिड्यूत फक्त ‘शू’. तिने विचारलं, “ताई, हे कुठं बसून वाचलं? मऊ वाटते.”

---

झाडीचा_सूर

कापूस विकला की काय कराल?

---

वाचून_देते

तेच मनात आहे. ह्यांना म्हटलं आहे, दोन गाठोडी ठेवा. नाहीतर रिकाम्या पोत्यांमध्ये सरकी काढलेला कापूस भरून भिंतीला लावीन, आणि पुढे तुमच्या गोधड्या. पेरणी लागली की पहाटे ट्रॅक्टरही सुरू होतील, तेव्हा वेळ बदलावी लागेल. त्याआधी जुनी आठ प्रकरणं वाचून घेते. उद्या पाचला पहिलं, मूलभूत हक्क, कलम १२ पासून.